लातूर–किल्लारी अप-डाऊन : एका विजेच्या गाडीचा वीस महिन्यांचा हिशेब

माझ्या वहिनी किल्लारीजवळच्या एका पुनर्वसित गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जी गावं नव्या जागी वसली, त्यांतलंच हे एक. घर मात्र लातुरात, औसा रोडच्या मागे. घर स्वतःचं आहे, वरचा स्लॅब मोकळा आहे आणि अंगणात एक गाडी बसते. घर ते शाळा ४५ किलोमीटर. औसा, लामजना पाटी, मग फाटा आणि फाट्यापासून आत ६ किलोमीटर. रोजचं अप-डाऊन ९० किलोमीटरचं. दादा मार्केट यार्डात एका अडतीवर हिशेब बघतो. मी त्याचा धाकटा भाऊ, लातुरातच लाईट फिटिंगची कामं घेतो. गाडी घ्यायचं ठरल्यापासून आजपर्यंतच्या सगळ्या पावत्या आणि लाईटबिलं माझ्याजवळ आहेत. वहिनींनी स्वतःच सांगितलं, “भाऊजी, हा हिशेब लिहून ठेवा. स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी विचारतंच.”

विचारणारे एकच प्रश्न विचारतात, की विजेची गाडी परवडते का. मला या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. कुणाच्या घरी, कोणत्या मीटरवर आणि महिन्याला किती किलोमीटर, एवढं कळल्याशिवाय ते देऊही नये.

गाडी हवीच होती का, इथून सुरुवात करतो. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. निव्वळ पैशांत त्याच्यापेक्षा स्वस्त काहीच नाही, आणि वहिनी सहा वर्षं एसटीनेच गेल्या. अडचण फाट्यावर सुरू व्हायची. आतल्या ६ किलोमीटरला कधी काळीपिवळी मिळायची, कधी गावातल्या कुणाची मोटारसायकल, कधी काहीच नाही. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की साडेसातला हजर राहायचं आणि भर दुपारी त्याच फाट्यावर उभं राहायचं. एप्रिलमध्ये तिथे सावलीला एक बाभूळ आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांना फाट्यावरच चक्कर आली आणि घरात गाडीचा विषय निघाला. त्याच शाळेवरच्या दोन मॅडमही सोबत यायला तयार होत्या. इंधनाचा वाटा देणार होत्या, पण तो वाटा कोणतीही गाडी घेतली तरी येणारच होता, म्हणून खालच्या गणितात मी तो धरलेला नाही.

पाडवा २०२४ च्या आधी आम्ही तीन कोटेशनं आणली. तिन्ही लहान गाड्या, साधारण एकाच दर्जाच्या. पेट्रोलची रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख २० हजार, सीएनजीची ९ लाख १० हजार आणि साधारण २५ युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीची विजेची गाडी १० लाख ८० हजार. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. १ ऑगस्ट २०१९ ला तो १२ वरून खाली आला. राज्यात तिला रोड टॅक्सही लागला नाही, उलट पेट्रोलच्या गाडीला ११ टक्के लागत होता. एवढं असूनही फरक अडीच लाखांच्या वर होता, कारण बॅटरीच महाग.

शोरूममधल्या मुलाने दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही तपासल्यावर टिकल्या नाहीत. एक, कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकरात सूट मिळते. ती सूट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. दोन, “एक रुपयात एक किलोमीटर पडतं, मॅडम.” या एक रुपयाचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण या प्रकरणाचा जीव त्यातच आहे.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, गावाकडून आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन् लाइट गेल्यावर?” दादा म्हणाला, “रात्री चार-पाच तास मिळाली की झालं.” अण्णा काही बोलले नाहीत. आमच्या गावात डीपी जळाली की नवी बसायला कधी आठवडा जातो. त्यामुळे ‘चार-पाच तास मिळाली की’ या शब्दांवर त्यांचा भरवसा बसणं अवघडच होतं. लातूर शहरात तेवढी अडचण नाही. आणि साठवून वापरायची सवय लातूरकरांना शिकवावी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हेच शहर. नळ कधी येईल त्या हिशेबाने घर चालवणाऱ्या बाईला रात्री गाडी भरून ठेवणं काय जड आहे? वहिनींनी विजेची गाडी निवडली. पाडव्याला गाडी दारात आली. कर्ज पाच वर्षांचं, ९ टक्क्यांनी.

फिटिंगचं काम मी केलं. घराचा मंजूर भार कमी होता, तो वाढवून घेतला. मीटरपासून अंगणापर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर ओढली. तिला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की तोडणारा) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) दिला आणि इंडस्ट्रियल सॉकेट बसवलं. सगळं मिळून १४ हजारांच्या घरात गेलं. हे लिहितोय कारण लोक गाडीला दहा लाख घालतात आणि चार्जिंग लावतात हॉलमधल्या जुन्या बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढून. मिक्सर पाच मिनिटं चालतो. ही गाडी पंधरा अँपियरच्या सॉकेटवर सलग चार-पाच तास जवळजवळ तीन किलोवॅट ओढते. जुन्या घरातली दीड-अडीचची वायर आणि सैल झालेलं सॉकेट यांच्यावर एवढा भार टाकला की सॉकेट वितळतं. असं सॉकेट मी स्वतः दोन घरांत बदललं आहे.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. अर्थिंग जुनंच ठेवलं. घर पंधरा वर्षांपूर्वीचं, अर्थिंगचा खड्डा गेटजवळ. जून-जुलैत तपासलं तेव्हा ठीक होतं. पण आपल्याकडची जमीन काळी. पावसात ती ओल धरते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती वाळली की अर्थिंगचा रोध वाढतो. एप्रिल २०२५ मध्ये एका रात्री चार्जरवर लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच होईना. वहिनींचा फोन साडेदहाला आला. मी मीटर लावून पाहिलं, तर न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये तीसच्या वर व्होल्ट. एक-दोन असायला हवेत. त्या रात्री खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतून काम भागवलं. दोन दिवसांनी न्हाणीच्या सांडपाण्याच्या बाजूला, जिथे बारा महिने ओल असते, तिथे आठ फुटांचा नवा खड्डा घेतला. त्यात जीआय पाइप, कोळसा आणि मीठ घातलं. त्यानंतर लाल दिवा आला नाही. चार्जर बिघडला असं समजून लोक सर्व्हिस सेंटरला फेऱ्या मारतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात चार्जर अडला तर आधी जमीन बघावी.

आता तो एक रुपया.

शाळा जून २०२४ मध्ये उघडली. पहिला पूर्ण महिना जुलैचा. २२ दिवस, दोन हजार किलोमीटरच्या आसपास. आमच्या अनुभवात भिंतीवरच्या सॉकेटमधून घेतलेल्या एका युनिटमागे गाडी सात किलोमीटर चालते. बॅटरीतल्या एका युनिटमागे ती थोडी जास्तच जाते, पण चार्ज होताना काही वीज वाया जाते आणि बिल भिंतीवरच्या युनिटाचं येतं. दोन हजारांना सात ने भागलं तर २८६ युनिटं झाली. घराचा वापर आधीपासून १४० चा होता. एकूण ४२६. दरमहा तेरा-चौदाशे येणारं बिल पाच हजार आठशेच्या आसपास आलं. दादाने बिल माझ्यासमोर टाकलं आणि म्हणाला, “मीटर फास्ट झालंय, बघ.”

मीटर बरोबर होतं. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. २०२४-२५ च्या दरांत वहन आकार धरून पहिली १०० युनिटं सहा रुपयांच्या आत पडत होती. १०१ ते ३०० ही साडेअकरा रुपयांच्या जवळ, आणि ३०१ च्या पुढची पावणेसोळाच्या घरात. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. घराने स्वस्तातली १०० युनिटं आधीच वापरून टाकलेली असतात. गाडीच्या वाट्याला येतात ती वरच्या टप्प्यांतली, महागडी. आमच्या गाडीची २८६ युनिटं जवळजवळ ४,४०० रुपयांना पडली, म्हणजे युनिटला साडेपंधरा आणि किलोमीटरला सव्वादोन रुपये. एक रुपया किलोमीटर हा हिशेब सात रुपयांच्या युनिटावर बसवलेला असतो. त्या दराची वीज आमच्यासारख्या घरात गाडीसाठी शिल्लकच नसते.

मग आम्ही पुन्हा पाटी घेऊन बसलो. पेट्रोलची गाडी लिटरला १८ देते असं धरलं आणि दर १०६, तर दोन हजार किलोमीटरला ११,८०० रुपये. सीएनजी किलोला २५ आणि भाव ९५ धरला, तर ७,६०० रुपये. वीज ४,४००. इंधनात विजेची गाडी दोघींनाही हरवते. पण तिच्यासाठी जास्त कर्ज काढलेलं आहे. या व्याजदराने पाच वर्षांसाठी लाखाला महिना २,०७६ रुपये हप्ता बसतो. पेट्रोलपेक्षा २ लाख ६० हजार जास्त, म्हणजे ५,४०० चा जादा हप्ता. इंधनात वाचले ७,४००. हातात राहिले दोन हजार. सीएनजीपेक्षा १ लाख ७० हजार जास्त, म्हणजे ३,५०० चा जादा हप्ता आणि इंधनात वाचले ३,२००. इथे महिन्याला तीनशे रुपये उलट खिशातूनच गेले. सर्व्हिसिंगला ऑइल-फिल्टर नाही, त्यात वर्षाचे काही हजार वाचतात. ते धरले तर सीएनजीशी बरोबरी होते, त्याहून जास्त काही नाही.

दोन हजार किलोमीटर महिना चालणाऱ्या, स्वतःच्या घरात चार्ज होणाऱ्या गाडीचं हे चित्र आहे. यापेक्षा अनुकूल गिऱ्हाईक मराठवाड्यात फार सापडणार नाही, आणि तिथेही पहिल्या सहा महिन्यांत निव्वळ बरोबरी. मला त्या वेळी खरंच वाईट वाटलं, कारण गाडीच्या बाजूने सगळ्यात जास्त मीच बोललो होतो.

वाट निघाली ती स्लॅबवरून. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची छतावरच्या सोलरसाठीची पीएम सूर्यघर योजना आली. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान. दिवाळीनंतर आम्ही छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. खर्च १ लाख ९० हजार, अनुदान जाऊन १ लाख १२ हजार. वहिनींची एक आरडी मोडली. आपल्याकडे ऊन भरपूर असल्याने किलोवॅटमागे दिवसाला चार युनिटं धरायला हरकत नाही. तीन किलोवॅटची महिन्याला ३६० होतात. गाडी दिवसा शाळेसमोर उभी असते आणि चार्ज रात्री होते, म्हणून पॅनलची वीज थेट गाडीत जात नाही. दिवसा ती ग्रीडला जाते, रात्री आपण ग्रीडकडून घेतो आणि नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतं. ४२६ मधून ३६० गेली, उरली ६६. ती सगळी स्वस्त टप्प्यातली. विजेचे ४५० रुपये आणि वर स्थिर आकार. पावसाळ्यात ढग आले की हजार-दीड हजारापर्यंत जातं. मे महिन्यात शाळा बंद असते, तेव्हाची शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात आणि जुलै-ऑगस्टला कामी येतात.

सोलरची सगळी बचत गाडीच्या नावावर टाकणं बरोबर नाही. गाडी नसती तरी घरासाठी एक किलोवॅट लावलंच असतं. उरलेले दोन किलोवॅट गाडीचे, म्हणजे ७५ हजारांचा बोजा तिचा. तो बोजा महिन्याला साधारण चार हजारांच्या बचतीने दीड-पावणेदोन वर्षांत फिटतो. सीएनजीशी आता तुलना केली तर हप्त्याचा फरक भरूनही महिन्याला साडेतीन हजार वर राहतात. फरक पडला तो गाडीने नाही, मीटरच्या पेटीत.

रस्त्यावरचं सांगायचं तर थोडक्यातच. हिवाळ्यात पूर्ण चार्जवर १९०-२०० किलोमीटर जाते. एप्रिलमध्ये तिघी बसलेल्या, एसी चालू, बाहेर बेचाळीस डिग्री, तेव्हा १७५. रोज ९० लागतात. अप-डाऊनमध्ये गाडी एकदाही वाटेत थांबलेली नाही. वीस महिन्यांत साडेतेहतीस हजार किलोमीटर झाले. शाळेच्या बोर्डावर चार्जर लावा, असं गावातल्या मंडळींनी प्रेमाने सुचवलं होतं. वहिनींनी एकदाही लावला नाही. शाळेचं बिल कोण भरतं आणि कसं थकतं हे त्यांना माहीत आहे.

पुण्याची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अण्णांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी न्यायचं होतं. लातूर ते पुणे ३३० किलोमीटर. बार्शी, कुर्डुवाडीवरून टेंभुर्णीला पोहोचलो तेव्हा बॅटरी १४ टक्क्यांवर होती. तिथल्या चार्जिंग स्टेशनवर दोन गन, एक बंद आणि दुसरीवर आधीची गाडी. पाऊण तास वाट बघितली, मग एक तास चार्जिंग. अण्णा झाडाखाली सतरंजीवर पडून होते. पुढे पुण्याच्या अलीकडे आणखी एकदा थांबलो. सात तासांची वाट साडेनऊ तासांची झाली, आणि बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटचे वीस रुपये लागले. आजारी माणूस गाडीत असताना पाऊण तास किती मोठा असतो, हे ज्याने काढला त्यालाच कळतं. परतीला अण्णा रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसने आले. तेव्हापासून पुण्याला गाडी न्यायची नाही असं घरात ठरलंय. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला. जालना-संभाजीनगरच्या लोकांना त्याचा उपयोग आहे. लातूरच्या माणसाच्या वाटेवर समृद्धी येतच नाही.

बॅटरीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. आमचा वर्षाचा प्रवास २० हजार, म्हणजे दोन्ही एकाच वेळी संपतील. कर्ज त्याच्या तीन वर्षं आधी फिटलेलं असेल. मला खरी धास्ती बदलीची वाटते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. उद्या लातूर तालुक्यातलीच शाळा मिळाली आणि रोजचे १५ किलोमीटर उरले, तर माणूस म्हणून आम्हाला आनंदच होईल. पण मग महिन्याला जेमतेम साडेतीनशे किलोमीटर होतील. त्यावर पेट्रोलच्या तुलनेत वाचणार दोन हजार आणि जादा हप्ता ५,४००.

याच कारणाने मी माझ्या मावसभावाला ही गाडी घेऊ दिली नाही. त्याची शेती अहमदपूरकडे. महिन्याला पाचशे किलोमीटर, त्यात एखादी पुण्याची फेरी, आणि मागच्या सीटवर खताची पोती. घर गावात, गावठाण फीडरवर, संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येतं. तो माझ्यावर महिनाभर नाराज होता. “वहिनीला चालती, मला का नाही?” मी त्याला त्याचीच बारा बिलं मांडून दाखवली.

हेही सांगायला हवं, की पाडवा २०२४ चं आमचं गणित आज जसंच्या तसं लावता येणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. विजेच्या गाडीचा ५ टक्केच राहिला. दोघींच्या किमतींमधलं अंतर त्यामुळे वाढलं. आज हिशेब करणाऱ्याला सोलर धरल्याशिवाय सीएनजीच्या पुढे जाता येणार नाही, असं माझं मत आहे. लातुरातल्या ज्या घरात चारचाकीचा विचारच होत नाही, आणि अशीच घरं जास्त, त्यांना विजेची दुचाकी कितीतरी जवळची आहे. तिची रोजची भूक एक-दीड युनिटाची, आणि त्याने बिल फारसं हलत नाही.

गेल्या महिन्यात वहिनींच्या शाळेवरचे एक सर आले होते. तेही लातूरहूनच अप-डाऊन करतात. गाडी पसंत केलेली, बुकिंगचे पैसे खिशात. मी म्हणालो, “सर, आधी मीटर कुठंय ते दाखवा.” भाड्याचं घर, दुसरा मजला, मीटर जिन्याखाली आठ मीटरांच्या गर्दीत, गाडी रस्त्यावर. वेगळी वायर ओढायला आणि छतावर सोलर लावायला घरमालकांची परवानगी हवी. सर आणि मी दोघं जाऊन त्यांना भेटलो. ते चांगले गृहस्थ आहेत, चहा दिला, आणि नाही म्हणाले. सरांनी सीएनजीची गाडी घेतली. पंपावर रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून ते पहाटे साडेपाचला घरून निघतात, आणि रविवारी मुलीला घेऊन प्लॉट बघत फिरतात.